दवाखान्याच्या खुर्चीची गादी

आमची ताई पडदे शिवते. कोणी तिला टेलर म्हटलं की ती नाक मुरडते. टेलर माणसांची मापं घेतो, आणि माणसं, ताईच्या मते, माप देताना पोट आत ओढतात. खिडकी तसं करत नाही. खिडकी असते तेवढीच असते. म्हणून लग्नाच्या आधीपासून तिने आपला व्यवहार खिडक्यांशी ठेवलाय. माणसांच्या मापात ती अजूनही जरा कच्चीच आहे.

घराची पुढची खोली हे तिचं दुकान. कापड बेतायचं टेबल म्हणजे चार पाय ठोकलेला एक जुना दरवाजा. त्याची कडी अजून जागेवर आहे आणि त्या कडीला कात्री अडकवलेली असते. टेबलाखाली चिंध्यांनी भरलेली पोती. ताई चिंधी टाकत नाही. पोत्यात हात घालून कुठलीही बाहेर काढा, ती लगेच सांगेल, ही दंतवैद्याच्या दवाखान्याची, ही बँकेतल्या बाईंच्या झोपायच्या खोलीची, त्यांना उजेडाचं वावडं आहे. ऐकणाऱ्याला वाटतं पोत्यात सगळं गाव भरून ठेवलंय.

भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, एसी आणि फ्रीज दुरुस्त करतात. धंदा गारव्याचा आणि स्वभावही त्याच तापमानाचा, म्हणून गावात त्यांना थंडोबा म्हणतात. समोरचा माणूस चिडून लालबुंद झाला तरी हे आपले शांतपणे कंप्रेसरवर कान लावून उभे. बायकोपेक्षा कंप्रेसरचं जास्त ऐकतात, असं ताई म्हणायची. पूर्वी हे ती हसत म्हणायची.

भावोजींची एक पद्धत होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्राच्या नळीला ते ताईच्या पोत्यातली एक चिंधी बांधायचे. बाकीचे मेकॅनिक फोन नंबराचं स्टिकर लावतात. भावोजींचं म्हणणं, स्टिकर पावसात निघून जातं, गाठ राहते. त्यामुळे त्या दोघांबरोबर बाजारात निघालं की ताई वर बघत चालायची. दुकानांच्या मागच्या भिंतींवर जिथे जिथे एसीचे डबे लटकलेले, तिथे तिथे तिच्या चिंध्या फडफडत असायच्या. "बघ, बँकेतल्या बाईंचा पडदा चपलांच्या दुकानावर," ती मला कोपराने ढोसून सांगायची. दोघांनी आपला संसार असा गावभर बांधून ठेवला होता. मला तर हेवाच वाटायचा. माझं त्या काळात कुठेच काही बांधलेलं नव्हतं. नोकरी शोधणं हीच माझी नोकरी होती, आणि तिच्यात मी कायम झालो होतो.

ताईची पहिली मुलगी भिंगरी. एका जागी दोन मिनिटं थांबत नाही म्हणून भिंगरी. ती झाली तेव्हा भावोजी चार तासांवरच्या गावी एका शीतगृहाच्या कामावर होते. "हे काय, आलोच," असं फोनवर म्हणाले आणि चौथ्या दिवशी आले, हातात बाळापेक्षा मोठी बाहुली. आमच्या आईला दवाखान्याचा वास आला की भोवळ येते, त्यामुळे ती घरी. उरलो मी. अकरावीत होतो, ओठावर मिशीची नुसती अफवा होती. नर्सने बाहेर येऊन विचारलं, "बाळाचे वडील कोण?" आणि बाकावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो, कारण कोणीतरी उभं राहायला हवं होतं. हा किस्सा घरात इतक्यांदा सांगितला गेलाय की आता त्यातलं हसू झिजलंय. ताईचं तर आधीच झिजलं होतं. ती मला एकदाच म्हणाली होती, "दार उघडलं की मी बाहेर बघायचे. प्रत्येक वेळी तूच."

म्हणून दुसऱ्या वेळी दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तिने भावोजींकडून एकच गोष्ट मागितली. दागिना नाही, साडी नाही. भावोजी म्हणाले, "या खेपेला दाराबाहेर खुर्ची टाकून बसतो. जागचा हलणार नाही." माझ्यासमोर म्हणाले.

आता दुसरी एखादी बाई हे ऐकून खूश झाली असती आणि विसरली असती. ताईने माप घेतलं. तपासणीला गेलो होतो तेव्हा तिने प्रसूतीच्या खोलीबाहेरच्या लोखंडी खुर्चीला टेप लावली, नर्स बघतच राहिली, आणि घरी येऊन त्या मापाची गादी शिवली. चांगला जाड कापूस, चार कोपऱ्यांना बंद. वर खोळ पिवळी, मधे बारीक हिरवी रेघ. शाळेच्या नव्या सभागृहाच्या पडद्यांतून उरलेलं कापड होतं ते, त्याच आठवड्यात आलेलं. "लोखंड टोचतं," ती म्हणाली. "टोचलं की माणूस उठतो. उठला की हा जातो." भावोजींनी बसून दाखवलं. अगदी बेतल्यासारखी होती.

त्यानंतर लगेच भावोजी आठ दिवसांच्या ट्रेनिंगला शहरात गेले. नव्या मशिनींचं ट्रेनिंग, कंपनीचं. जाताना नेहमीसारखी मूठभर चिंध्या घेऊन गेले. आले ते असे काळवंडून की भिंगरीने आधी ओळखच दाखवली नाही.

"ट्रेनिंग उन्हात होतं का?" मी विचारलं.

"गच्चीवर," भावोजी म्हणाले. "बाहेरची युनिटं गच्चीवरच असतात ना."

बरोबरच होतं. मी मान डोलावली. नोकरी शोधणाऱ्या माणसाने जास्त प्रश्न विचारू नयेत.

आणि मग एक दिवस त्यांनी जेवता जेवता जाहीर केलं की बाळ यायच्या आधी आपण बेटावर जायचं. समुद्र, वाळू, माडांच्या सावलीत झोपायचं. नंतर दोन-तीन वर्षं कुठे जमणार नाही. ताई घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. लग्नानंतर ते तिला फक्त एकदा फिरायला घेऊन गेले होते, आणि तेही एका बर्फाच्या कारखान्यात.

"आणि याला पण न्यायचं," भावोजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "घरात बसून काय करतो."

मला भरून आलं. मेहुण्याला सहलीला नेणारा भावोजी मी दुसरा पाहिला नव्हता. आता कळतं, तसे असतात, पण त्यांना काहीतरी काम असतं.

ताईला सातवा संपत आला होता. डॉक्टरीणबाईंनी जायला परवानगी दिली, अट एवढीच की उड्या मारायच्या नाहीत. ताई म्हणाली, पलंगावरून उठता आलं तरी मी मिळवली. रेल्वे, मग बस, मग लाँच, असा दिवसभराचा प्रवास. लाँचच्या फळीवर बसायला तिने ती पिवळी गादी बरोबर घेतली. "वापरून बघू," म्हणाली. "दवाखान्यात लाज नको."

बेट होतं मात्र बघण्यासारखं. हिरवं पाणी, पांढरी वाळू, आणि वाळूतच ओळीने बांधलेल्या हॉटेलच्या खोल्या, प्रत्येकीला छोटा ओटा. धक्क्यावर उतरलो आणि हॉटेलचा तांबडा कुत्रा धावत आला. मला हुंगलं नाही, ताईला हुंगलं नाही, सरळ भावोजींच्या अंगावर दोन पाय ठेवून शेपटी हलवायला लागला.

"तुम्हाला ओळखतो की काय हा?" ताईने विचारलं.

"कुत्र्यांना मेकॅनिक आवडतात," भावोजी म्हणाले. "गॅसचा वास येतो ना अंगाला."

आम्ही हसलो. त्या वेळी ते विनोदीच वाटलं.

पहिले दोन दिवस मी ताईला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. ती पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहायची आणि लाट आली की माझा हात धरायची. ओट्यावर बसून समोरच्या खोलीच्या खिडकीकडे बघत म्हणायची, "पडदा चार बोटं आखूड आहे. कोणी शिवला देव जाणे." भिंगरी वाळूत खड्डे खणून त्यात मला बसवायची. भावोजी अधूनमधून चक्कर मारून येतो म्हणून गायब व्हायचे, एकदा भिंगरीलाही घेऊन गेले. दुसऱ्या संध्याकाळी हॉटेलचा मॅनेजर, गोल चष्म्याचा, तोंडभर हसणारा माणूस, माझ्याजवळ येऊन हात मिळवून म्हणाला, "तुम्हीच ना मेहुणे? बरं झालं बुवा. तुमच्यामुळे आमचा प्रश्न सुटला." मला वाटलं माझ्या व्यक्तिमत्त्वाची छाप पडली. मी म्हणालो, "अहो, त्यात काय एवढं."

तिसऱ्या दुपारी भिंगरीचे ओले कपडे वाळत घालायला ताई खोल्यांच्या मागच्या बाजूला गेली. मी बादली घेऊन मागे. तिथे दोऱ्या बांधलेल्या होत्या, आणि भिंतीला ओळीने एसीचे बाहेरचे डबे, खाऱ्या हवेने गंजून तपकिरी झालेले. प्रत्येक डब्याच्या नळीला एक एक चिंधी.

ताई आधी हसली. "बघितलंस? याला सुट्टीतही चैन नाही. कधी केलं हे सगळं? तरीच सारखा चक्कर मारायला जातो." तिच्या आवाजात कौतुक होतं. तिने हात वर करून जवळची चिंधी चिमटीत धरली, आणि तिचा हात तिथेच थांबला.

चिंधी पांढरट होती. मिठाने कडक झालेली. ताईने नखाने गाठ सोडवायला घेतली. सुटेना, तेव्हा दाताने सोडवली. आतला, गाठीत दाबला गेलेला तेवढा तुकडा अजून पिवळाधमक होता. त्यात बारीक हिरवी रेघ.

  ऊन लागून कापडाचा रंग किती दिवसांत किती उडतो हे ताईला कोणी सांगायची गरज नाही. गिऱ्हाइकाशी तिची अर्धी भांडणं त्यावरच होतात. ती पुढच्या डब्यापाशी गेली. तीच चिंधी, तसाच उडालेला रंग. त्याच्या पुढच्यालाही. शहरात, गच्चीवर, कंपनीच्या ट्रेनिंगला नेलेली मूठ.

भिंगरी आमच्या मागून आली होती. आईच्या हातातली चिंधी बघून तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली. "मी नाही सांगितलं हं. बाबांना सांग, मी नाही सांगितलं."

"काय नाही सांगितलंस?" ताईने विचारलं.

"बाबांची खोली. ती निळ्या दाराची, स्वयंपाकघराच्या मागे. बाबा तिथे राहणार आणि आपण सुट्टीत यायचं. ते गुपित आहे."

ताईने तिचे केस मागे सारले. "छान ठेवलंस गुपित," म्हणाली. मला वाटतं ताई खरी दुखावली ती तिथे. नवऱ्याने लपवलं ते एक, पण आपल्या पोरीलाही आपल्यापासून लपवायला शिकवलं.

भावोजी पोहून आले तेव्हा ताई ओट्याच्या पायरीवर बसली होती. मांडीवर पिवळी गादी, गादीवर ती चिंधी. एकच कापड, शेजारी शेजारी. सावलीतलं आणि उन्हातलं.

"हे काय आहे?" ताईने विचारलं.

भावोजींनी टॉवेलने कान पुसले. "चिंधी."

"ट्रेनिंग कुठे होतं?"

थंडोबा बराच वेळ कान पुसत राहिले. "सांगणारच होतो."

"कधी?"

"इथेच. म्हणून तर आणलं तुला. म्हटलं, आधी बघू दे, आवडू दे, मग सांगू."

"गिऱ्हाइकाला कापड दाखवतात तसं."

"तसं नाही गं. इथली हवा यंत्रं खाते, या हॉटेलवाल्यांना कायमचा माणूस लागतो. दोन वर्षांचा करार आहे, पगार चांगला आहे. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय."

"आणि त्याच्या पुढच्या महिन्यात काय आहे?"

भावोजी ताईच्या पोटाकडे बघून पुन्हा पाण्याकडे बघायला लागले. "तेव्हा येईनच की मी. एका दिवसाचा तर रस्ता."

"मागच्या वेळी चार तासांचा होता."

"मागच्या वेळची गोष्ट वेगळी. आणि हा आहेच की घरी," भावोजी म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे हात केला, जसा शिडीकडे किंवा हातोडीकडे करावा. "तुला एकटं थोडंच टाकतोय. मॅनेजरलाही मी तेच सांगितलं, घरी मेहुणा आहे, काळजी नाही."

तेव्हा मला मॅनेजरचं तोंडभर हसू आठवलं. सहलीला मला का आणलं तेही उमगलं. बदली कामगार जागेवर आहे, हे दाखवायला.

"मला विचारलंत?" मी म्हणालो.

"तुला काय विचारायचं? तू रिकामाच तर आहेस."

हे खरं होतं, त्यामुळे जास्तच लागलं.

ताई गादीच्या कोपऱ्याचा बंद बोटाला गुंडाळत होती. "उद्या लाँच सुटायच्या आधी त्यांना नाही म्हणून सांगा," ती म्हणाली. "मग आपण सगळे घरी जाऊ. या विषयावर मी परत तोंड उघडणार नाही."

"त्यांना शब्द दिलाय मी."

"मलाही दिला होता."

भावोजींनी टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "बरं. सांगतो." इतक्या सहज म्हणाले की माझाही विश्वास बसला. ताईचा बसला की नाही ते कळलं नाही, पण तिने चिंधीची घडी घालून ब्लाउजात ठेवली.

सकाळी धक्क्यावर सामान गेलं. भावोजी अंघोळ करून, भांग पाडून, मॅनेजरच्या खोलीकडे निघाले. ताई गादी काखेत धरून उभी. नाही म्हणायला फार वेळ लागत नाही. पण लाँचवाल्याने दोर सोडायला घेतला तरी भावोजींचा पत्ता नव्हता. मी धावत जाऊन पाहिलं.

स्वयंपाकघरामागची थंडीची खोली त्याच पहाटे बंद पडली होती. आत सगळा माल वितळायला लागलेला. भावोजी, भांग पाडलेले, गुडघ्यांवर बसून कंप्रेसरला कान लावून ऐकत होते. चेहऱ्यावर असं समाधान की बाळ दाखवावं आणि बापाने बघावं. मॅनेजर डोक्यावर हात धरून उभा.

"भावोजी, लाँच सुटतेय."

"हे आटपतो आणि आलोच," ते मान वर न करता म्हणाले. "उद्याच्या लाँचने येतो. तुम्ही व्हा पुढे. तिला सांग, नाही म्हणून सांगतो मी, पण आधी हे तर चालू करू दे. असं टाकून कसं जाऊ?"

मी परत आलो आणि ताईला जसंच्या तसं सांगितलं. तिने फक्त विचारलं, "'असं टाकून कसं जाऊ' म्हणाले?"

"हो."

"बरं," म्हणाली, आणि गादी फळीवर टाकून बसली. लाँच निघाली. तांबडा कुत्रा धक्क्याच्या टोकापर्यंत आला. आम्हाला पोचवायला आलेला तो एकटाच.

अर्ध्या वाटेत मी म्हणालो, "ताई, मी आहे ना. दवाखान्यात मी बसतो."

"तू मामा म्हणून बस," ती म्हणाली. "बदली म्हणून बसलास तर उठवीन."

भावोजी दुसऱ्या दिवशीच्या लाँचने आले नाहीत. पुढच्या आठवड्यात आले, कपडे न्यायला. थंडीच्या खोलीनंतर बर्फाचं मशीन बिघडलं होतं आणि मग पाण्याचा पंप. ते वाद घालत नव्हते, आवाज चढवत नव्हते. बाळंतपणाला नक्की येणार, असंही म्हणाले. ताईने त्यांना जेवायला वाढलं.

कळा सुरू झाल्या तेव्हा आई भिंगरीला घेऊन घरी थांबली. दवाखान्यात मी गादी नेली होती. ताईने सांगितलं नव्हतं, पण नको असंही म्हणाली नव्हती. भावोजींना फोन केला, ते म्हणाले, निघालोच. मी गादी त्या लोखंडी खुर्चीवर बांधली. तंतोतंत बसली. कोणी टेकायला लागलं की मी म्हणायचो, "जागा धरलेली आहे," आणि स्वतः भिंतीला टेकून उभा.

शेजारच्या खोलीतल्या बाईचा नवरा बसचालक होता. खाकी गणवेशातच आलेला, बहुतेक गाडी कोणाच्या तरी हवाली करून. तो पलीकडच्या उघड्या लोखंडी खुर्चीवर आदल्या संध्याकाळपासून बसून होता. चहालाही उठला नव्हता. उठलो आणि तेवढ्यात दार उघडलं तर, असं त्याने मला सांगितलं. ताई डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून व्हरांड्यात फेऱ्या मारत होती. एका हाताने भिंत, दुसऱ्या हाताने मी. तिने एका फेरीत गादीकडे पाहिलं, पुढच्या फेरीत त्या माणसाकडे.

"ती सोड आणि त्यांना दे," ती म्हणाली.

"ताई, ती भावोजींची."

"बसलेत ते," ताई बसचालकाकडे बघत म्हणाली. मग कळ आली आणि तिने माझा हात असा दाबला की पुढचं बोलणं मला जमलं नाही.

मी गादी सोडून नेऊन दिली. बसचालक ओशाळला, नको नको म्हणाला, मग अर्धवट उठून ती खाली सरकवून घेतली. मग ताईला आत नेलं. नर्स बाहेर आली तेव्हा तिने विचारलं, "बाळाचे वडील कोण?" मी म्हणालो, "मी मामा." तिने "बरं" म्हणून बाळ माझ्या हातात दिलं. मुलगी, अगदी ताईसारखी, भुवया उंचावून माप घेत असल्यासारखी बघणारी.

भावोजी तिसऱ्या दिवशी आले. भिंगरीच्या वेळी चौथ्या दिवशी आले होते, तेव्हा प्रगती होती. शिंपल्यांची माळ आणली होती. बाळाला घेतलं, डोळे पुसले, खरे पुसले. मग दाराबाहेरच्या खुर्चीकडे त्यांचं लक्ष गेलं.

"गादी दिसत नाही ती?"

"दिली," ताई म्हणाली.

"कोणाला?"

"एकजण बसला होता."

भावोजी त्या उघड्या लोखंडावर जाऊन बसले. दुपारभर बसले होते, एकदाही उठले नाहीत. ताईने त्यांना चहा पाठवला. पण दार उघडायचं तेव्हा तिने बाहेर पाहिलं नाही. मी बघत होतो.

आम्ही घरी आलो आणि त्यांना परत लाँच गाठायची होती. निघताना सवयीने ते टेबलाखाली वाकले, मूठभर चिंध्या घ्यायला. टेबलाखाली झाडलेली फरशी होती. ताईने सगळी पोती गेल्या महिन्यातच गादीवाल्याला देऊन टाकली होती, भरायला.

भावोजी वाकलेलेच राहिले. "चिंध्या कुठे गेल्या?"

ताई बाळाला थोपटत होती. थोपटणं थांबवलं नाही.

"आता स्टिकर लावा," ती म्हणाली.